दादासोंचं रिकामं वजन

दादासोंना आयुष्यात तीन गोष्टींचा तिटकारा. पातळ कालवण, उशिरा येणारा माणूस आणि काट्यावर खोटं बोलणारा. पहिल्या दोन गोष्टी त्यांच्या वाट्याला कायम आल्या. तिसऱ्याला मात्र ते चौतीस वर्षं पुरून उरले.

इस्लामपूरकडच्या एका साखर कारखान्यावर ते काटा क्लार्क होते. ज्यांनी साखर नुसती चहात बघितली त्यांना सांगायला पाहिजे, की उसानं भरलेली ट्रॉली आधी भुईकाट्यावर चढते, तिचं भरलं वजन होतं. मग ऊस गव्हाणीत टाकून ती परत येते, तिचं रिकामं वजन होतं. भरल्यातनं रिकामं वजा केलं की राहिला तो ऊस. हिशेब पोराला कळंल असा, पण त्यात माणसं काय काय कला करायची म्हणता! भरल्या वजनाला ड्रायव्हर गाडीत बसून, रिकाम्याला खाली उतरून तंबाखू मळत उभा. मोळीत दगड. सीटखाली पाण्याचे कॅन. एका बहाद्दरानं तर सासऱ्याला उसाखाली निजवून आणला होता, म्हातारा शिंकला म्हणून सापडला. दादासो खिडकीतनं चष्म्यावरून बघायचे आणि आपलं ठरलेलं वाक्य टाकायचे, "काटा खोटं बोलत न्हाई, माणूस बोलतो." हे वाक्य तालुक्यात इतकं माहीत झालं, की पोरं गोट्या खेळताना म्हणायची.

याच वाक्यानं त्यांनी सख्खा मेव्हणा गमावला. ते पुढं येईल.

तर असा हा माणूस रिटायर झाला आणि तीन वर्षांत त्याच्या किडन्या गेल्या. चौतीस वर्षं साखरेच्या दारात बसलेल्याला शुगर झाली याचं कुणाला नवल वाटलं नाही, पण शुगरनं दोन्ही किडन्या एकदमच संपावर घातल्या. कारखान्यातली युनियन निदान आधी नोटीस तरी द्यायची. मग इस्लामपूरच्या एका दवाखान्यात सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस सुरू झालं. चार तास हाताला दोन जाड सुया, रक्त मशीनमधनं धुऊन परत अंगात. लघवी बंद झालेली, त्यामुळं दोन दिवसांत प्यालेलं पाणी अंगातच तुंबायचं, तेही मशीननंच ओढून काढायचं.

"पण किती काढायचं ते मशीनला कसं कळतं?" पहिल्याच दिवशी दादासोंनी विचारलं.

मशीन चालवणारी शिवांजली नावाची मुलगी होती. वय सव्वीस, हात हलका, जीभ तिखट. ती म्हणाली, "काका, अंगात जादा पाणी अजिबात नसताना तुमचं जे वजन भरतं, ते ड्राय वेट. आज आल्यावर जे वजन भरंल त्यातनं ते वजा करायचं. राहिलं ते पाणी."

दादासोंचा चेहरा उजळला. "म्हंजे भरलं वजन वजा रिकामं वजन. अगं बाई, ह्यात तर माजा जन्म गेला."

पुढच्या खेपेला ते गावातल्या किराणा दुकानातनं सरकारी शिक्क्याचं पाच किलोचं माप पिशवीतनं घेऊन आले आणि दवाखान्याचा काटा तपासला. आधी नुसतं माप, मग स्वतः, मग स्वतः मापासकट. काटा ग्रॅमला बरोबर निघाला. "झ्याक हाय," म्हणून त्यांनी सगळ्या वॉर्डासमोर दाखला दिला. त्यांचं रिकामं वजन तेव्हा चोपन्न किलो धरलं होतं. आजारानं माणूस पार चिपाड झालेला.

पहिले काही महिने बरे गेले. मग गाडी बिघडली. दादासो काट्यावर चढले की आकडा यायचा छप्पन, मग छप्पन आठशे, मग सत्तावन, आणि एक दिवस सत्तावन आठशे. म्हणजे जवळजवळ पावणेचार किलो जादा. शिवांजली कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"काका, पाणी किती पिता?"

"सहाशे मिली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय तेवढंच."

"सहाशेनं पावणेचार किलो भरत नाही."

"मी सहाशेच पितो."

शिवांजलीनं काट्याकडं बोट केलं. "काटा तुम्हीच तपासलाय. आणि काटा खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. मला बाबांनी सांगितलंय, ते तुमच्या काट्यावर ऊस घालायचे."

सगळा वॉर्ड हसला. दादासोंना हसू आलं नाही. हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला, म्हणतात ते असं.

त्या दिवसापास्नं बीपी पडायला लागला. पहिले दोन तास ठीक. तिसरा तास लागला की दादासोंना जांभया यायच्या. एक, दोन, पाठोपाठ पाच. मग पोटरीत गोळा उठायचा, कपाळावर गार घाम, आणि समोरचा पंखा काळा दिसायला लागायचा. बीपीचं यंत्र ओरडायचं, ऐंशी-पन्नास. शिवांजली धावत यायची. पाणी ओढणं बंद, पलंगाची पायाकडची बाजू वर, डोकं खाली, सलाईन सोडायचं. दहा मिनिटांत दादासो परत जगात. पण जेवढं पाणी ओढायचं ठरलं होतं तेवढं राहूनच जायचं, वर सलाईनचं आणखी चढायचं. मग पुढच्या खेपेला ओढायचा आकडा परत मोठा, परत बीपी ऐंशीवर.

"दोन दिवसांत इतकं प्यायचं आणि चार तासांत ते ओढायचं, मग बीपी पडणार नाही तर काय?" शिवांजली म्हणायची. "कमी प्या."

"कमीच पितो."

"बरं."

या 'बरं'नं दादासोंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हाच 'बरं' त्यांनी स्वतः हजार ड्रायव्हरांना ऐकवला होता, तो एवढा लागतो हे त्यांना आता कळलं.

घरी मनुबाईनं चौकी बसवली. मनुबाई म्हणजे त्यांची बायको, बेचाळीस वर्षांचा संसार, आणि नवऱ्याचा स्वभाव तिला तोंडपाठ. तिनं बाटलीवर नेलपॉलिशची रेघ मारली, सकाळी तेवढं पाणी भरायची आणि दिवसभर जवळ ठेवायची. माठाला फडकं बांधून गाठ मारली. अंघोळीला गेले की दाराबाहेर उभी राहून ऐकायची, पाणी अंगावर पडतंय का घशात. तोंड धुतानासुद्धा म्हणायची, "थुका, मला दिसू दे." काटा क्लार्कानं आणि काय भोगायचं!

आणि गंमत बघा, दादासो खरंच पाणी चोरत नव्हते. ते दुसरंच चोरत होते.

झालं होतं असं. डायलिसिस लागायच्या आधी, किडन्या थोड्या जिवंत होत्या तेव्हा, कुठल्याशा डॉक्टरनं कागद दिला होता. अंडी नको, मटण नको, डाळी बेतानं. मनुबाईनं तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून फ्रीजवर चिकटवला. डायलिसिस लागल्यावर दुसरा कागद मिळाला, तो बरोबर उलटा. आता मशीन रक्त धुतं आणि अंगातली ताकद पण धुऊन नेतं, तेव्हा अंडी खा, मासे खा. तो कागद मनुबाईनं वाचला आणि मिठाच्या बरणीखाली घातला. पहिला तिला पटला होता. त्यामुळं दादासोंच्या ताटात तेच ते पातळ वरण, दोडका, आणि भाकरी अर्धी.

चार घरं पलीकडं बयाबाई राहायची, दादासोंची थोरली बहीण. विधवा, एकटी, दारात चौदा कोंबड्या. नणंद-भावजयीचं बोलणं लग्नातल्या एका साडीवरून जे तुटलं होतं ते तुटलेलंच. दादासो रोज दुपारी "आक्काला पेपर वाचून दाखवतो" म्हणून जायचे. आक्का पेपर ऐकायचीच नाही. ती दोन अंडी उकडायची, तिसरं तव्यावर फोडायची, रविवारी कोंबडीच्या फोडी तिखट कमी घालून भाजायची आणि म्हणायची, "खा रं माज्या वाघा. ती तुजी बायकू तुला उपाशी मारायला टपलीया." पाच महिने हा कार्यक्रम बिनबोभाट चालला. दादासोंच्या गालांवर थोडं मांस आलं. मनुबाईला वाटलं, तिच्या दोडक्याचा गुण.

इकडं दवाखान्यात एकेक इलाज चालू होता. डॉक्टर उत्कर्षा कऱ्हाडवरनं बुधवारी आणि शुक्रवारी यायच्या, वीस पलंग, हातात वेळ कमी. त्यांनी आधी डायलिसिसच्या दिवशी सकाळची बीपीची गोळी बंद केली. मग मशीनवर असताना खाणं बंद केलं, कारण खाल्लं की रक्त पोटाकडं जातं आणि बीपी घसरतो. मग मशीनचं पाणी थोडं गार केलं, त्यानं शिरा आवळून राहतात. दादासो घोंगडं घेऊन कुडकुडत झोपायला लागले. मग बीपी चढवायची गोळी दिली, तिनं डोक्याला खाज सुटली. हृदयाची सोनोग्राफी केली, हृदय ठीक निघालं. एवढं सगळं झालं आणि तिसऱ्या तासाला जांभई ती आलीच.

"काका, राहिलं एकच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाणी."

आणि मग तो बुधवार आला. त्या दिवशी जांभया आल्याच नाहीत. दादासो शेजारच्या पलंगावरच्या बिराप्पाला कारखान्यातली शिंकणाऱ्या सासऱ्याची गोष्ट सांगत होते, आणि "म्हातारा शिं" एवढं म्हणून त्यांचे डोळे पांढरे झाले. बीपी साठच्या खाली. शिवांजलीनं पाय वर घेतले, सलाईन सोडलं, ऑक्सिजन लावला, गालावर थापट्या मारल्या. बाहेर बाकावर बसलेली मनुबाई आत पळत आली. चार मिनिटं दादासो कुठं होते ते त्यांनाही माहीत नाही.

शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टरीणबाई उशाशी होत्या. आवाजात राग होता, पण त्या घाबरल्याही होत्या. "काका, असं परत झालं तर हृदय बंद पडू शकतं. मला नुसतं खरं सांगा, किती पाणी पिता? मी रागावणार नाही."

"सहाशे," दादासो म्हणाले.

मनुबाईनं पदर तोंडाला लावला आणि रडत म्हणाली, "आवं, तुमच्या पाया पडते. खरं बोला की वं. मरायची येळ आली तरी खोटं बोलायचं व्हय?"

दादासोंनी आयुष्यात पुष्कळ माणसांना काट्यावर उभं करून खोटं ठरवलं होतं. त्यांना आज पहिल्यांदा कळलं की त्या जागी उभ्या राहिलेल्या माणसाला बोलायला काही शिल्लकच राहत नाही. खरं ते एकदाच सांगता येतं. दुसऱ्यांदा सांगितलं की तेच खोटं वाटायला लागतं. आणि कुणाला पटलं नाही तर शुक्रवारी हेच मशीन अंगात नसलेलं पाणी ओढत बसणार होतं. त्यांचे डोळे भरून आले. ते पाणी कुणी मोजलं नाही.

सुया काढल्यावर हातावर कापूस दाबून पंधरा मिनिटं बसावं लागतं. बाकावर शेजारी बिराप्पा बसला होता. आटपाडीकडचा धनगर, सत्तरी ओलांडलेला, लेकीकडं इस्लामपुरात राहायचा. त्यानं आयुष्यभर मेंढरं राखली, माणसांशी बोलायची त्याला फारशी सवय नव्हती. त्यानं मोकळा हात लांब केला आणि न विचारता दादासोंच्या पाठीच्या कण्यावर, कमरेच्या वर, बोटं दाबून बघितली. मग दंड चिमटीत धरून बघितला. मग खाली वाकून नडगीवर अंगठा रोवला.

"काय करतोस रं?"

"आवं क्लारक, बाजारात मेंढरू घ्यायचं तर असंच बघत्यात. व्यापारी लय हरामी. आदल्या दिशी मेंढराला मीठ चारत्यात आन् पाणी पाजत्यात, काट्यावर वजन भराया. प्याल्यालं मेंढरू पोटात लोंबतं, पाठ मातर हाडकंच. आन् चराल्यालं मेंढरू पाठीवर कळतं." त्यानं परत कण्यावर बोट टेकलं. "हितं मागल्या साली निसतं हाड व्हतं. आता मांस हाय. तुमी प्याल्याला न्हाई. तुमी चराल्याला हाईसा."

दादासोंनी कापूस दाबायचा सोडला, हातातनं रक्ताची धार लागली, शिवांजली ओरडत आली, पण त्यांचं लक्षच नव्हतं. चौतीस वर्षांचा काटा त्यांच्या डोक्यात फिरत होता. भरलं वजन बरोबर. काटा बरोबर. मग चुकतंय काय? रिकामं वजन. ते सात महिन्यांमागचं आहे. मधल्या काळात गाडीला नवीन पत्रा बसला, आणि हे अजून जुन्या गाडीचंच रिकामं वजन वजा करतायत. जो फरक निघतो त्याला पाणी म्हणतायत, आणि ते पाणी मांसातनं ओढायला बघतायत. बीपी पडंल न्हाई तर काय हुईल?

एवढं कळलं आणि लगेच दुसरी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. पत्रा कुठनं आला ते सांगावं लागणार. म्हणजे अंडी. म्हणजे बयाक्का. म्हणजे मनुबाईसमोर.

दोन दिवस त्यांनी तोंड उघडलं नाही. खरं सांगायचं तर माणूस मरणाला भीत नव्हता एवढा बायकोला भीत होता.

शुक्रवारी काट्यावर आकडा आला सत्तावन आठशे. शिवांजलीनं मान हलवली आणि सुया घ्यायला वळली. दादासो पलंगावर चढले नाहीत. काट्याशेजारीच उभे राहिले.

"मॅडमला बोलवा. माजं रिकामं वजन परत घेतल्याबिगर मी सुई टोचून घेणार न्हाई."

"काका, नाटकं करू नका."

"बुधवारी जाताना मी किती व्हतो? छप्पन तीनशे. तूच लिवलंयस. आज सत्तावन आठशे. दोन दिवसांत दीड किलो. पाणी, चहा, वरण, भाजीतलं पाणी, सगळं धरून दीड किलो बसतं का न्हाई? मग मी चोरून पितो कुठं? बाकीचं जे तुमी पाणी म्हणताय, ते पाणीच न्हाई."

शिवांजली थांबली. तिनं वही उघडली आणि मागची पानं उलटली. प्रत्येक खेपेला दीड, एक सातशे, दीड. आकडे लिहिणारी तीच, पण रिकाम्या वजनाकडं बघून मोजल्यामुळं तिचं लक्षच कधी गेलं नव्हतं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

डॉक्टरीणबाई आल्या. मनुबाईही आत आली, कारण नवरा परत काही तरी करतोय हे तिला बाहेर बसून समजतं.

"पाणी नाही तर मग काय, काका?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

दादासोंनी एकदा मनुबाईकडं बघितलं. मग खाली बघितलं. "अंडी," ते म्हणाले. "रोज तीन. पाच महिनं झालं. आन् रविवारी कोंबडी. आक्काकडं."

वॉर्डात कुणी तरी खोकलं. बिराप्पा छताकडं बघून हसत होता.

"पेपर वाचायला जाता ना?" मनुबाई हळू आवाजात म्हणाली. तिचा हळू आवाज ओरडण्यापेक्षा वाईट असतो हे दादासोंना माहीत होतं.

डॉक्टरीणबाईंनी मात्र त्यांना झोपवून तपासायला सुरुवात केली होती. पायावर अंगठा दाबला, खड्डा पडला नाही. छाती ऐकली, स्वच्छ. मानेची शीर बघितली. सोनोग्राफीचं मशीन ओढून आणलं आणि पोटातली मोठी शीर बघितली. मग खुर्चीवर बसल्या. "तुमच्या अंगात फार पाणी नाहीच, काका. तुम्ही सुधारलाय. मांस आलंय अंगावर. मी हे आधी बघायला पाहिजे होतं." आणि मनुबाईकडं वळून म्हणाल्या, "काकू, अंडी यांनी खायलाच पाहिजेत. कागद दिला होता की."

"त्यो कागद मला पटला नव्हता," मनुबाई म्हणाली.

रिकामं वजन त्या दिवशी दीड किलोनं वाढवून साडेपंचावन धरलं, पुढं बीपी बघून अजून सरकवायचं ठरलं. मशीन सुरू झालं. पहिला तास, दुसरा तास. तिसरा लागला तसे दादासो जांभईची वाट बघत बसले. पोटरी चाचपली. पंख्याकडं बघितलं, पांढराच होता. दर पाच मिनिटाला "बघ गं किती" म्हणून त्यांनी शिवांजलीचा जीव खाल्ला. एकशे अठ्ठावीस-शहात्तर. एकशे चोवीस-चौऱ्याहत्तर. चार तास संपले, सलाईनला हात लागला नाही. शिवांजलीनं सुया काढताना खाली बघत म्हटलं, "काका, माझं चुकलं. तुम्ही खरं बोलत होता."

या एका वाक्यासाठी दादासो चार महिने तळमळत होते. मिळालं आणि त्यांना रडायला आलं, जुन्या काळचा कडक माणूस असल्यासारखा वागणारा हा बाबा लहान पोरासारखा रडला.

परतीला दोघं वडापनं निघाली. जीपमध्ये बारा माणसं, एक बकरं, आणि मनुबाई खिडकीतनं बाहेर बघत. दादासोंनी बराच वेळ कळ काढली. मग म्हणाले, "अंड्यांचं एवढं मनावर घेऊ नगंस."

"अंडी घाला चुलीत," मनुबाई म्हणाली. तिनं मान वळवली नाही. "तुमास्नी चार महिनं कुणी खरं मानलं न्हाई. तर केवडं रडला आज. माज्या भावाला एकोणीस वर्सं झाली."

दादासोंनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

तिचा धाकटा भाऊ जोतीराम उंब्रजला होता. तेव्हा त्याचा ट्रॅक्टर कारखान्यावर ऊस ओढायला असायचा. त्या हंगामात काट्यावर रांगा लागायच्या म्हणून प्रत्येक ट्रॉलीचं रिकामं वजन एकदाच घेऊन तिच्या फळीवर रंगानं लिहून टाकलं होतं. हंगामाच्या मध्यात जोतीरामच्या ट्रॉलीची लाकडी तळफळी कुजली. त्यानं लोखंडी पत्रा मारून घेतला आणि वजन परत करून घ्यायचं विसरला. दादासोंनी एक दिवस संशय येऊन ट्रॉली रिकामी तोलली, दीड क्विंटल जादा निघालं. जोतीराम रांगेतल्या सगळ्या शेतकऱ्यांसमोर सांगत होता, "दाजी, पत्रा बदललाय, आईची आन, चोरी न्हाई." आणि दादासो खिडकीतनं, चष्म्यावरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले होते, काटा खोटं बोलत न्हाई, माणूस बोलतो. जोतीरामचा ट्रॅक्टर त्या हंगामातनं बाद झाला. तेव्हापासून दोन्ही घरांनी एकमेकाच्या घरचं पाणी पिणं सोडलं. मनुबाईची भाऊबीज एकोणीस वर्षं कोरडी गेली, आणि तिनं कधी तोंडातनं शब्द काढला नव्हता.

रविवारी सकाळी दादासोंनी बाटलीला हात लावला नाही. मनुबाईनं दोनदा पुढं केली. "राहू दे," म्हणाले. चहाही घेतला नाही. मग टोपी घातली, आणि पिशवीत आक्काकडची डझनभर अंडी घेतली. ती अंडी मनुबाईनं स्वतः जाऊन मागून आणली होती, पण हा प्रसंग वेगळा आहे आणि तो सांगायला मला धीर नाही. एसटीनं दोघं उंब्रजला उतरली.

जोतीराम ओसरीत कडब्याच्या पेंढ्या मोजत होता. डोक्यावर आता टक्कल, मिशा पांढऱ्या. त्यानं बहिणीकडं बघितलं, मग दाजींकडं बघितलं, आणि उठला. त्याच्या बायकोनं रीत म्हणून आतनं पाण्याचा तांब्या आणला, आणि दारातच घुटमळली, द्यावा का न द्यावा. मनुबाईला वाटलं, सांगावं, त्यास्नी पाणी चालत न्हाई. पण ती गप्प राहिली.

दादासो पुढं झाले, तांब्या हातातनं घेतला आणि उभ्यानं प्यायला लागले. थेंब न सांडता, न थांबता, आठशे मिलीचा पितळी तांब्या पार रिकामा केला. मनुबाई डोळे फाडून बघत राहिली. त्यांनी तांब्या खाली ठेवला, मिशा पुसल्या.

"जोतीराम, तू पत्रा बदलला व्हतास," ते म्हणाले. "रिकामं वजन मी परत घ्यायला पायजे व्हतं. चूक माजी व्हती. ती तवा चार लोकांत सांगायला पायजे व्हती, आता कारखान्यावरचं कोण उरलंय? म्हणून घरी आलो."

जोतीरामनं हातातली पेंढी खाली ठेवली. मग त्यानं खाट झटकली. "बसा दाजी. आन् पाणी आणू का?"

"नगं. आजचं संपलं."

सोमवारी काट्यावर आकडा नेहमीपेक्षा थोडा जादा आला. शिवांजलीनं वही बघितली, बोटं मोजली, आणि या वेळी आवाज न चढवता विचारलं, "काका, पाणी जास्त झालं का काही?"

"व्हय," दादासो म्हणाले. "ह्या बारीला प्यालोय. एक तांब्या."

"कुठं?"

"उंब्रजला," ते म्हणाले, आणि सुईसाठी हात पुढं केला. "लिव वहीत."